ड्राफ्टला अजून दोन वर्षं आहेत, कोपर आज दाखवा

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा सोळा वर्षांचा आहे, सप्टेंबरमध्ये अकरावीत जाईल. बेसबॉल खेळतो, उजव्या हाताचा पिचर (चेंडू टाकणारा) आहे, ताशी ८८ मैलांपर्यंत टाकतो. त्याच्या क्लबचे कोच म्हणतात, कॉलेजच्या भानगडीत पडू नका, बारावीनंतर सरळ ड्राफ्टला (मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक लीगचे संघ दरवर्षी नवे खेळाडू निवडतात, त्याला) जाऊ द्या. माझे मिस्टर इंजिनिअर आहेत. ‘क्रिकेट असतं तर एक वेळ समजलं असतं,’ असं म्हणतात आणि मॅच बघायलाही येत नाहीत. घरात रोज वाद. हल्ली खेळून आल्यावर त्याचं कोपर आतल्या बाजूने दुखतं, पण कोच म्हणतात, या वयात होतं असं. काय करावं? – एक आई

उत्तर: ताई, कोपराचं तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मला आधी त्यावरच बोलायचंय. पिचरच्या कोपराच्या आतल्या बाजूचं दुखणं ‘होतं असं’ म्हणून सोडून द्यायचं नसतं. चेंडू फेकताना मोठा ताण तिथल्या लिगामेंटवर (हाडांना जोडणाऱ्या पट्ट्यावर) येतो. ते फाटलं तर बऱ्याचदा टॉमी जॉन सर्जरी करावी लागते. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर ती पहिल्यांदा केली, म्हणून हे नाव. त्यानंतर मैदानावर परतायला साधारण वर्ष ते दीड वर्ष जातं. या आठवड्यात स्पोर्ट्स ऑर्थोपेडिककडे न्या. ते हो म्हणेपर्यंत चेंडू हातात नको.

मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल यांनी मिळून ‘पिच स्मार्ट’ नावाच्या मार्गदर्शक सूचना केल्या आहेत. १५-१६ वर्षांच्या मुलाने दिवसाला जास्तीत जास्त ९५ पिच (फलंदाजाला टाकलेले चेंडू) टाकाव्यात. ७६ किंवा जास्त टाकल्या तर चार दिवस विश्रांती, ४६ ते ६० टाकल्या तर दोन दिवस. वर्षातून किमान चार महिने सामन्यांत पिचिंग बंद. घोडं पेंड खातं ते असं की शाळेचे कोच शाळेच्या पिच मोजतात, क्लबचे कोच क्लबच्या. शुक्रवारी शाळेकडून ८० आणि रविवारी क्लबकडून ५०, ही बेरीज कुणाच्याच वहीत नसते. डॉक्टरांनी परवानगी दिली की हे काम मिस्टरांकडे सोपवा. इंजिनिअर माणूस आहे, आकडे हातात आले की बसेल मैदानावर.

आता ड्राफ्ट. तुमच्या घरी सध्या ‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ चाललंय. हायस्कूलमधून वरच्या फेऱ्यांत जाणारे उजव्या हाताचे पिचर आजकाल ९५ च्या आसपास टाकतात. सोळाव्या वर्षी ८८ छानच आहे, पण त्यावर कॉलेज सोडायचं नसतं.

कुमार रॉकर या पिचरचं उदाहरण बघा. आई भारतीय वंशाची, वडील अमेरिकन फुटबॉलचे कोच. २०१८ मध्ये हायस्कूल संपताना कोलोरॅडो रॉकीजने त्याला ३८व्या फेरीत घेतलं. (आता ड्राफ्टच २० फेऱ्यांचा आहे.) त्याने सही केली नाही, व्हँडरबिल्ट विद्यापीठात गेला. पहिल्याच वर्षी ड्यूक विद्यापीठाविरुद्ध १९ फलंदाजांना स्ट्राइकआउट करत नो-हिटर (समोरच्या संघाला एकही हिट न देता पूर्ण सामना) टाकला आणि संघ कॉलेज वर्ल्ड सिरीज जिंकला. २०२१ मध्ये न्यूयॉर्क मेट्सने त्याला दहाव्या क्रमांकावर निवडलं, पण वैद्यकीय तपासणीनंतर करारच केला नाही. पुढच्या वर्षी टेक्सास रेंजर्सने तिसऱ्या क्रमांकावर घेतलं, सही करताना ५२ लाख डॉलर बोनस दिला. २०२३ मध्ये टॉमी जॉन सर्जरी. मेजर लीगमधला पहिला सामना सप्टेंबर २०२४ मध्ये. एवढ्या गुणी मुलालाही सहा वर्षं लागली, आणि मध्ये दोनदा शरीर आडवं आलं.

करार झाला म्हणजे मुलगा टीव्हीवर दिसायला लागला असंही नाही. खाली मायनर लीगच्या पायऱ्या असतात: रुकी, सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. मंगळवार ते रविवार रोज सामना, सोमवारी सुट्टी, बाहेरगावचे प्रवास बहुतेक बसने. २०२३ च्या करारानुसार सिंगल-ए मध्ये वर्षाला २६,२०० डॉलर आणि अगदी वरच्या ट्रिपल-ए मध्ये ३५,८००. मेजर लीगमध्ये मात्र २०२६ चं किमान वेतन ७,८०,००० आहे. ही दरी पार न करताच बहुतेक जण घरी परततात.

म्हणून बारावीत खरंच स्काउट (संघांसाठी खेळाडू हेरणारे) दारात आले, तर ते विचारायच्या आत तिघांनी बसून एक आकडा ठरवा. त्याच्या खाली बोनस असेल तर कॉलेज, वर असेल तर करार. करार केलाच तर पुढच्या शिक्षणाचा खर्च करार करणाऱ्या संघाने द्यावा, हे कलम घालून घ्या. तशी सोय आहे, पण मागावी लागते.

कॉलेजबाबत एक नियम लक्षात ठेवा. चार वर्षांच्या कॉलेजात गेलेला मुलगा तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा २१ वर्षांचा होईपर्यंत पुन्हा ड्राफ्टमध्ये येत नाही. दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजातून दरवर्षी येता येतं. डिव्हिजन वनचे (कॉलेज खेळांतल्या सगळ्यात वरच्या पातळीचे) कोच अकरावीच्या आधीच्या १ ऑगस्टपासून त्याच्याशी थेट बोलू शकतात, म्हणजे यंदाच. पंधरा-वीस कॉलेजांची यादी करा, त्यातली निम्मी तरी अशी असू द्या जिथे तो बेसबॉल नसतानाही आनंदाने शिकेल. ईमेल त्याने स्वतः लिहायचे, तुम्ही नाही. कोचना ते लगेच कळतं. सोबत पिचिंगचा दोन मिनिटांचा व्हिडिओ आणि मार्कशीट. स्कॉलरशिप किती देता, हे प्रत्येकाला वेगळं विचारा. २०२५-२६ पासून नियम बदललेत, डिव्हिजन वनची बरीच कॉलेजं आता आधीपेक्षा जास्त देऊ शकतात, पण सगळी कॉलेजं देत नाहीत.