वायरलेस व्हिडिओतल्या एरर ओळखायला मशीन लर्निंग खरंच लागतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वायफाय कॅमेऱ्याच्या व्हिडिओत मध्येच चौकोनी ठिगळं दिसतात. किती पॅकेटं (व्हिडिओ ज्या छोट्या गठ्ठ्यांत पाठवतात ते) हरवली ते मोजता येतं, मग मशीन लर्निंग कशाला? आणि शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला हा विषय घ्यावा का?

जरूर घ्या. मी दोनेक वर्षं याच कामात होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पॅकेटं मोजणं सोपं आहे, हे खरं. आरटीपी या व्हिडिओ पाठवायच्या पद्धतीत प्रत्येक पॅकेटवर क्रमांक असतो, मधला क्रमांक गायब झाला की पॅकेट हरवलं. तेवढंच हवं असेल तर मॉडेल बनवूच नका. पण हरवलेल्या पॅकेटांची संख्या आणि डोळ्यांना दिसणारा बिघाड यांचा मेळ बसत नाही. एच.२६४ या व्हिडिओ कॉम्प्रेशनच्या पद्धतीत चित्राचे १६ बाय १६ पिक्सेलचे तुकडे पाडतात आणि बहुतेक फ्रेममध्ये आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं एवढंच पाठवतात. हरवलेला भाग रिकाम्या भिंतीचा असेल, तर डीकोडर (कॉम्प्रेस केलेला व्हिडिओ उलगडणारा भाग) जुनी भिंत तिथे चिकटवतो आणि कुणाला पत्ता लागत नाही. तेच पॅकेट चालत्या माणसाच्या चेहऱ्याचं असेल, तर चेहरा फाटतो आणि तो फाटका चेहरा पुढच्या फ्रेमही उसना घेत राहतात. सेकंदाला २५ फ्रेम आणि दर २ सेकंदांनी एक पूर्ण फ्रेम येत असेल, तर एका पॅकेटपायी जवळजवळ ५० फ्रेम नासू शकतात. शिवाय पुष्कळदा हातात फक्त रेकॉर्ड झालेलं चित्र असतं, पॅकेटं केव्हाच गेलेली असतात. मॉडेलची गरज इथे पडते.

या विषयातली मोठी सोय म्हणजे लेबलं (कुठला तुकडा बिघडलाय आणि कुठला ठीक, याची उत्तरं) फुकट मिळतात. चांगला व्हिडिओ एफएफएमपेग या प्रोग्रामने एन्कोड (कॉम्प्रेस) करा, लिनक्सच्या नेटेम या नेटवर्क मुद्दाम बिघडवायच्या साधनाने वाटेत पॅकेटं पाडा, डीकोड करा आणि तुकड्या-तुकड्याने तुलना करा. तुलना मूळ व्हिडिओशी मात्र करू नका, त्याच एन्कोडिंगच्या न बिघडलेल्या आवृत्तीशी करा. नाहीतर कॉम्प्रेशनचा धूसरपणाही एरर म्हणून मोजला जातो. मी यात महिनाभर घालवला होता. पॅकेटं सुटी सुटी पाडू नका, झुबक्याने पाडा. हवेत सिग्नल दबतो तेव्हा पाठोपाठची पॅकेटं जातात.

माझ्या पहिल्या मॉडेलने एका कौलारू घराचं अख्खं छप्पर एरर म्हणून लाल केलं होतं. कौलांच्या ओळी, सरळ कडा, ठरावीक अंतर: त्याच्या लेखी ती ठिगळंच. खिडकीच्या गजांचंही तेच. तेव्हा कळलं की एकट्या फ्रेमवर भागणार नाही. आधीची फ्रेमही सोबत दिल्यावर छप्पर सुटलं, कारण कौलं कालही तिथेच होती, ठिगळ मात्र अचानक उगवतं. त्याचा आकारही बोलका असतो: ओळीच्या मध्येच कुठेतरी सुरू होतं, उजव्या काठापर्यंत जातं आणि खालच्या ओळी डावीकडून धरतं, कारण तुकडे त्याच क्रमाने पाठवलेले असतात.

सुरुवात साध्या रँडम फॉरेस्टने (अनेक निर्णयवृक्षांच्या मतांवर चालणाऱ्या मॉडेलने) करा. तुकड्याच्या कडेवरची उडी (शेजारच्या पिक्सेलमधला फरक), आतल्या भागातली उडी आणि आधीच्या फ्रेमशी फरक, एवढी तीन मापं पुरतात. छोटं न्यूरल नेटवर्क नंतर. एकाच व्हिडिओच्या फ्रेम ट्रेनिंग आणि टेस्टमध्ये वाटू नका, अख्खा व्हिडिओ एकाच बाजूला ठेवा. अचूकतेच्या टक्केवारीवरही विसंबू नका. शंभरात एकच तुकडा बिघडलेला असेल, तर "सगळं ठीक" म्हणणारं मॉडेलही ९९ टक्के मिळवतं. बिघडलेल्यांपैकी किती सापडले आणि खोटी ओरड किती झाली, हे दोन आकडे वेगवेगळे द्या.

वेळ उरला तर एरर दिसताच कॅमेऱ्याकडे नवी पूर्ण फ्रेम मागून बघा. २५ फ्रेमच्या हिशेबाने मॉडेलच्या हाती प्रत्येक फ्रेमला ४० मिलिसेकंद आहेत.