पत्त्यांची जादू येत असेल, तर व्यावसायिक पोकर खेळाडू होणं सोपं जातं का?

तुमचं म्हणणं असं की तुम्हाला पत्त्यांची जादू चांगली येते, अँटोनिओ एस्फंदियारीही जादूतूनच पोकरमध्ये आला, मग तुमच्या हातचलाखीचा टेबलावर फायदा होईल का? मी दोन्ही करतो, म्हणून सरळ सांगतो : हातांचा फायदा शून्य.

कॅसिनोत कॅटला तुमचा हातच लागत नाही. पिसणं, वाटणं सगळं डीलरकडे. तळाचं पान कुणाला दिसू नये म्हणून कॅटखाली प्लॅस्टिकचं कोरं कार्ड असतं. फ्लॉप (टेबलावर उघडणारी पहिली तीन सामाईक पानं), टर्न (चौथं) आणि रिव्हर (पाचवं) उघडण्याआधी दर वेळी वरचं एक पान पालथंच बाजूला टाकतात. म्हणजे त्यावर कुणी खूण केली असली तरी वाया. हे नियम जणू आपल्या जमातीला डोळ्यांसमोर ठेवूनच केलेत! तुमच्या वाट्याला दोन पानं, तीही हाताच्या आडोशाने कोपरा जेमतेम उचलून बघायची.

एस्फंदियारी 1978 साली तेहरानमध्ये जन्मला, लहानपणीच कुटुंबासोबत कॅलिफोर्नियात सॅन होजेला आला. तरुणपणी जादूचं वेड लागलं, कार्यक्रम करू लागला, मग पोकर. 2004 मध्ये कॉमर्स कॅसिनोतली एल. ए. पोकर क्लासिक जिंकून जवळपास 14 लाख डॉलर मिळवले, त्याच वर्षी ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ या स्पर्धामालिकेतलं पहिलं ब्रेसलेटही (तिथल्या विजेत्याचं मानचिन्ह). टोपणनाव मात्र ‘द मॅजिशियन’ हेच राहिलं.

2012 ची लास वेगासमधली ‘बिग वन फॉर वन ड्रॉप’ स्पर्धा मात्र सगळ्यांवर कडी. प्रवेश फी 10 लाख डॉलर (त्यातले 1,11,111 पाण्यासाठी काम करणाऱ्या संस्थेला), खेळाडू 48, पहिलं बक्षीस 1,83,46,673 डॉलर, तेही एस्फंदियारीलाच. शेवटचा डाव जरूर बघा. त्याच्याकडे सत्ती-पंजी, म्हणजे एरवी फेकून द्यायची पानं. समोर सॅम ट्रिकेटकडे चौकटची राणी आणि छक्की. फ्लॉपवर गुलाम आणि दोन पंज्या, त्यात चौकटची दोन पानं. ट्रिकेटला फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं) होऊन तीन पंज्यांवर मात करायला चौकटचं आणखी एकच पान हवं होतं, तशी 8 शिल्लक होती. सगळे चिप्स मध्ये गेले आणि ते पान आलंच नाही. यात जादू कुठे आहे सांगा?

जादू असते ती त्याआधी. तळव्यात पान लपवलेलं असताना हसत गप्पा मारायची सवय आपल्याला असते. ब्लफ मारून बसल्यावर, समोरचा टक लावून बघत असताना, नेमकं हेच लागतं. दुसरं म्हणजे नजर. लोक कुठे बघतायत हे बघणं हा आपला धंदाच. फ्लॉप उघडला की नवखे पानांकडे बघतात. तुम्ही माणसांकडे बघा, पानं कुठे पळून जात नाहीत. एस्फंदियारी टेबलावर अखंड बडबड करतो, ती मला तरी निव्वळ गंमत वाटत नाही.

आता अडचण. जादूत शेवट आपल्या हातात असतो : प्रेक्षकाने कुठलंही पान काढू दे, निघणार आपल्याला हवं तेच. पोकरमध्ये सगळं बरोबर खेळूनही रिव्हरला वाट लागते, आणि तसं महिनोन् महिने होऊ शकतं. पत्त्यांवर हुकमत असलेल्या माणसाला हे फार झोंबतं. मग हरलेले पैसे परत मिळवण्याच्या नादात तो झेपणार नाही अशा टेबलावर जाऊन बसतो. म्हणून खेळायचे पैसे घरखर्चापासून वेगळे ठेवा आणि शक्यतांचं गणित पक्कं करा; ते जादूतून आपोआप येत नाही. मोठ्या बक्षिसांच्या आकड्यांनीही हुरळू नका. महागड्या स्पर्धांत खेळाडू अनेकदा आपल्या संभाव्य बक्षिसातले हिस्से आधीच इतरांना विकून बसतात, तेव्हा जाहीर झालेली रक्कम सगळी त्यांच्या खिशात जातेच असं नाही.

आणि घरगुती डावात बसलात, तर जादू येते हे आधीच सांगा आणि वाटायचं काम दुसऱ्याला द्या. नाहीतर जिंकलात की शंका येणारच, आणि पुढच्या वेळी बोलावणं येणार नाही.