आरएक्स-७ : सेल्फ फिरतो, पेट्रोलचा वास येतो, गाडी धरत नाही

थोडक्यात तुमची तक्रार अशी : १९९३ ची माझदा आरएक्स-७. दादरच्या सोसायटीत टँकर आत यायचा होता म्हणून गाडी सुरू केली, दहा फूट मागे घेतली आणि लगेच बंद केली. दुसऱ्या दिवसापासून सेल्फ झकास फिरतो, पेट्रोलचा वास सुटतो, पण इंजिन पकडत नाही. मेकॅनिक म्हणतो कॉइल आणि पंप बदला.

इतक्यात काही विकत घेऊ नका. आणि आधी एक खात्री करा : गाडी पावसाच्या पाण्यात उभी होती का? तसं असेल तर सेल्फ अजिबात मारू नका, ते प्रकरण वेगळं. इथे पेट्रोल ओव्हर झालंय, म्हणजे इंजिनात गरजेपेक्षा जास्त पेट्रोल साचलंय, असं धरून पुढचं लिहितो.

या गाडीचं इंजिन रोटरी, म्हणजे पिस्टनऐवजी हाउसिंग नावाच्या पोकळीत तिकोनी रोटर फिरतात. थंड इंजिनाला ईसीयू (इंजिनाचा संगणक) जास्त पेट्रोल देतो. तेवढ्यात गाडी बंद केली की ते न जळता हाउसिंगमध्ये राहतं आणि भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन काढतं. रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या, म्हणजे एपेक्स सील, त्या थरावरच हवा धरून ठेवतात. थर गेला की कॉम्प्रेशन गेलं. म्हणून सेल्फ 'झकास' फिरतोय. ते चांगलं लक्षण नाही. निरोगी १३बी (हेच तुमचं इंजिन) सेल्फवर फिरताना एकसारखं फुस-फुस-फुस ऐकू येतं, तुमचं पंख्यासारखं सरळ फिरत असणार. प्रत्येक नव्या प्रयत्नात इंजेक्टर आणखी पेट्रोल ओततात, त्यामुळे नुसते सेल्फ मारत राहणं सगळ्यात वाईट.

गाडी ढकलून उघड्यावर आणा. बेसमेंटमध्ये किंवा स्टिल्टखाली हे काम करायचं नाही, कारण प्लगच्या भोकांतून पेट्रोलचा फवारा उडतो. पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा. बॉनेटखालच्या डब्यातला ईजीआय लिहिलेला फ्यूज काढा, म्हणजे इंजेक्शन बंद. ठिणगीही बंद आहे ना, याची सेल्फ मारण्याआधी खात्री करा. मग २१ च्या प्लग पान्याने चारही प्लग काढा. वायरींना आधी टेप लावून नंबर टाका. खालचे दोन लीडिंग (बीयूआर७ईक्यू), वरचे दोन ट्रेलिंग (बीयूआर९ईक्यू). पाण्याने नव्हे, पेट्रोलने ओले असतील. जुने वाळवून परत लावण्यापेक्षा नवा संच घाला, आणि सात-नऊची अदलाबदल होऊ देऊ नका.

भोकांसमोर जाड फडकं धरा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि दहा सेकंद सेल्फ मारा. मिनिटभर थांबा. असं चार-पाच वेळा, फवारा कोरडा होईपर्यंत. मग शक्य असेल तर तासभर प्लग न लावता तसंच राहू द्या. मुंबईच्या दमट हवेत घाई केलीत तर पुन्हा तेच.

आता मुख्य काम. प्रत्येक लीडिंग भोकातून साधारण पाच मिली, म्हणजे चहाचा एक चमचा, इंजिन ऑइल सिरिंज-नळीने आत सोडा. पुढच्या पुलीच्या बोल्टला १९ ची गोटी लावून समोरून बघताना घड्याळाच्या दिशेने हाताने फिरवा. रोटरला तीन बाजू आहेत, त्यामुळे थोडं थोडं फिरवत तिन्ही बाजूंना ऑइल द्या. उलटं फिरवू नका. मग फ्यूज बाहेरच ठेवून पाच सेकंद सेल्फ. फुस-फुस परत आली की अर्धं काम झालं.

नवे प्लग, फ्यूज जागेवर, बॅटरी पूर्ण चार्ज किंवा दुसऱ्या गाडीचा जंपर. बॅटरी उतरलेली असेल तर रोटरी मंद फिरते आणि बाकीचं सगळं बरोबर असूनही धरत नाही. सुरू झाल्यावर दोन-चार मिनिटं पांढऱ्या धुराचे लोट निघतील. वॉचमनला आधी सांगून ठेवा, नाहीतर अग्निशमन दलाला फोन जाईल. हलकी रेस देऊन इंजिन जिवंत ठेवा, पण जोरात पळवू नका, टर्बोच्या बूस्टमध्ये तर नाहीच. एक्झॉस्टमध्ये साचलेलं पेट्रोल कॅटमध्ये (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, धूर साफ करणारा डबा) पेटून तो लालभडक होतो. धक्का स्टार्ट टाळायचंही हेच कारण. गरम झाल्यावर डिपस्टिक हुंगा. पेट्रोलचा वास असेल तर ऑइल आणि फिल्टर त्याच दिवशी बदला, कारण तेच पातळ ऑइल दोन्ही टर्बोंच्या बेअरिंगला जातं.

एकदाच घडलं असेल तर विषय संपला. न सरकवताही पुन्हा ओव्हर झाली तर कुलंट तापमानाचा सेन्सर मोजा : ३० अंशाला दीड ते पावणेदोन किलोओहम, ८० ला सुमारे ३०० ओहम. खूप जास्त दाखवत असेल तर ईसीयूला वाटतं बाहेर बर्फ पडलाय. फ्युएल रेग्युलेटरची (पेट्रोलचा दाब सांभाळणारा भाग) व्हॅक्यूम नळी काढून बघा, आत पेट्रोल दिसलं तर पडदा फाटलाय. रात्रभरात पेट्रोलचा दाब उतरत असेल तर संशय गळक्या इंजेक्टरवर. ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलच्या काळात तीस वर्षं जुने ओ-रिंग आणि रबरी नळ्या तशाही बदलाव्यात.

टँकर पुन्हा येईलच. तेव्हा गाडी न्यूट्रलमध्ये टाकून दोघांनी ढकला. सुरू केलीच तर तापमानाचा काटा नेहमीच्या जागी येईपर्यंत बंद करू नका.