दीड लाख रोख घ्यावेत की बोटाचं पेन्शन?

प्रश्न: वय ३०, चाकणला प्रेस शॉपमध्ये ऑपरेटर आहे. एकूण पगार १९,००० रुपये, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो. बारा दिवसांपूर्वी पॉवर प्रेसमध्ये उजव्या तर्जनीची दोन पेरं गेली. मालक म्हणतात, "घरी लागलं असं लिहून दे, सिक रजा टाक, दीड लाख रोख देतो." बहिणीच्या लग्नाचे ६०,००० रुपये शेकडा ३ ने अंगावर आहेत. पैसे घेऊन कर्ज फेडू आणि उरलेले एफडीत ठेवू का?

उत्तर: त्या कागदावर सही करून एक रुपयाही घेऊ नका.

तुमच्या पगारपत्रकात ईएसआयचे १४३ रुपये दिसत असतील, ०.७५ टक्के. मालकाचे ३.२५ टक्के वेगळे जातात. म्हणजे या बोटाचा विमा आधीच उतरवलेला आहे, आणि कामावरच्या इजेसाठी नोकरीत किती दिवस झाले हेही बघत नाहीत.

"घरी लागलं" लिहिलंत की ती आजारपणाची केस होते. आजारपणात पगाराच्या ७० टक्के, तेही वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. कामावरच्या इजेला ९० टक्के, आणि डॉक्टर फिट म्हणेपर्यंत. सोयीसाठी पगार ३० ने भागला तर रोजचे ४४३ विरुद्ध ५७०. पगारी रजाही यात जाळू नका. ज्या दिवसाचा रजेचा पगार घ्याल त्या दिवसाचा हा भत्ता मिळत नाही, आणि रजा पुढे उपयोगी पडतील.

पण खरा फरक फिट झाल्यावर पडतो. तर्जनीची दोन पेरं गेल्यास कायद्याच्या परिशिष्टात कमाईची क्षमता ११ टक्के घटली असं धरतात. मेडिकल बोर्डाने तेवढंच धरलं तर ५७० च्या ११ टक्के, म्हणजे रोजचे ६२-६३ रुपये, महिन्याला साधारण १,८८० मिळतील. तहहयात. नोकरी बदलली, पगार वाढला, तरी सुरूच. दीड लाखाची एफडी ७ टक्क्यांनी महिन्याला ८७५ देते. १,८८० हवे असतील तर सव्वातीन लाखांच्या आसपास बाजूला लागतील. ईएसआय नसता आणि भरपाईच्या कायद्याने हिशेब झाला असता, तरी १५,००० च्या वेतनमर्यादेवर तुमच्या वयाला दोन लाखांच्या वर रक्कम निघते. मालक दीड लाख का म्हणाले, ते तुम्हीच ओळखा.

कर्जाबद्दल मात्र तुमची घाई मला पटते. ६०,००० ला शेकडा ३ म्हणजे महिना १,८०० व्याज. पेन्शन आलं तरी सावकाराच्याच घशात जाईल. ते फेडायचंच, पण बोट विकून नाही. घरात सोनं असेल तर बँकेत तारण ठेवा. शेकडा १ च्या आसपास पडलं तरी व्याज ६०० वर येतं. वहिनींना हे सांगणं सोपं नाही, मला कल्पना आहे. मालकांना खरंच मदत करायची असेल तर पगारातून वळती होईल अशी उचल मागा. तिच्यासाठी खोटं लिहून द्यावं लागत नाही. उलट खोट्या माहितीवर लाभ घेणं हा गुन्हा आहे, आणि त्यावर सही तुमची असेल, त्यांची नाही.

"कायदा बदलला" असं कोणी सांगेल. नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता आली हे खरं, पण कामावरच्या इजेची भरपाई तिच्यातही आहे. भत्त्यावर असताना सहसा कामावरून काढता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

आता आधी दवाखान्यातला केसपेपर काढून बघा. इजेचं कारण "प्रेस मशीन" लिहिलंय की "पडून"? चुकीचं असेल तर आजच डॉक्टरांशी बोला. अपघाताचा अहवाल कंपनीने पाठवला नसेल तर तारीख, पाळी, मशीन आणि शेजारच्या ऑपरेटरचं नाव लिहून अर्ज तुम्हीच ईएसआयच्या शाखा कार्यालयात द्या आणि पोच घ्या. डाव्या हाताने लिहिलेला चालतो.