'स्पाइसी' एल तिखट कशी होईल?

प्रश्न असा आला आहे. बेल्जियन पद्धतीच्या एका 'हॉलिडे एल'ची (एल हा बिअरचा एक प्रकार) इंग्रजी चवनोंद मराठीत आणायची आहे. त्यात 'स्पाइसी' हा शब्द तीन ठिकाणी आहे आणि पहिल्या खर्ड्यात तो असा उतरला आहे: "सुट्टीतली मसालेदार एल. वासाला कोथिंबीर आणि संत्र्याची साल, यीस्टची तिखट चव, शेवटी घशात तिखटपणा." विचारणा एवढीच की 'मसालेदार' बरोबर की 'तिखट'.

दोन्ही नकोत. शिवाय तिन्ही जागी एकच शब्द चालवूही नये, कारण तिथे तीन वेगळ्या गोष्टी घडत असतात आणि मराठीत तिन्हींना शब्द आहेत.

आधी 'तिखट' बाजूला काढू. मराठीत तिखट हे विशेषण आहे, तसंच ते नामही आहे: डब्यातलं तिखट म्हणजे मिरचीची पूड. 'तिखट एल' वाचणाऱ्याच्या मनात पहिल्यांदा मिरचीच येणार. ही बिअर ज्या मुलखातली, तिथल्या भाषाही ही गल्लत करत नाहीत. फ्रेंचमध्ये मसाला पडलेल्या पदार्थाला 'एपिसे' म्हणतात आणि जिभेला झोंबणाऱ्याला 'पीकां'. डचमध्येही 'क्राउडिख' आणि 'पिटिख' असा फरक करता येतो. इंग्रजीतला 'स्पाइसी' मात्र दोन्हीकडे चालतो. आपलं घर या बाबतीत इंग्रजीपेक्षा बेल्जियमच्या जवळ आहे. वेलची हा मसाला आहे पण ती तिखट नाही, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

'मसालेदार'ची अडचण वेगळी आहे. मूळ अरबी शब्दाचा रोख 'लागणारं सामान, घटक' असा होता, म्हणजे 'मसाला' स्वतः अगदी निरुपद्रवी आहे. पण त्याला 'दार' लागलं की डोळ्यांपुढे रस्सा येतो, वर तर्री येते. वांगं मसालेदार, मिसळ मसालेदार. तेच षष्ठीचा प्रत्यय लावून बघा: मसाल्याचं दूध, मसाल्याचा चहा, मसाल्याची सुपारी. इथे झणझणीतपणा कुठेच नाही. कोजागरीच्या दुधात वेलची, जायफळ, केशर असतं आणि त्याला कुणी मसालेदार दूध म्हणत नाही. ज्या एलमध्ये खरोखर मसाले घातलेले आहेत तिला 'मसाल्याची एल' म्हणावं. शब्द तयार आहे, अर्थही नेमका तोच आहे. (बिअर स्त्रीलिंगी, म्हणून एलही स्त्रीलिंगी.)

'सुट्टीतली' तर नकोच. हा हॉलिडे म्हणजे ख्रिसमस. बाटलीवर फ्रेंचमध्ये 'बिएर द नोएल' असतं किंवा डचमध्ये 'केर्स्टबीर'. आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आलेला 'नाताळ' आहे, आणि नाताळ व नोएल ही दोन्ही लॅटिनमधल्या 'जन्माचा' अशा अर्थाच्या एकाच शब्दाची रूपं आहेत. 'बिएर द नोएल'ला 'नाताळची एल' म्हटलं की भाषांतर शब्दाच्या मुळापर्यंत जातं.

आता कोथिंबीर. ही चूक सगळ्यात आधी दुरुस्त करा, कारण तिने चवच बदलते. इंग्रजीत 'कोरिअँडर' पानालाही म्हणतात आणि बीलाही. बेल्जियन बिअरमध्ये पडतात ते धणे. वीस लिटरला साधारण १५ ते २० ग्रॅम धणे जाडसर कुटून, तितकीच वाळवलेली संत्र्याची साल, आणि दोन्ही धान्याच्या रसाची उकळी संपायला पाच मिनिटं उरली की घालायची. तास-तासभर उकळले तर सुगंधी तेलं वाफेबरोबर जातात, मागे राहतो तो कडवटपणा आणि तुरटपणा. सालीचा आतला पांढरा भाग राहिला तरी तेच होतं. पूड करून घातले तर गाळणं अवघड होतं आणि बिअर गढूळ राहते. धण्यांचा वास इथे लिंबाच्या सालीकडे झुकतो, हिरवटपणाकडे नाही. ज्याने कोथिंबीर वाचली तो पेल्यात हिरवा वास शोधत बसेल.

इतर घटकांनाही आपली नावं आहेत: दालचिनी, चक्रीफूल, ज्येष्ठमध, सुंठ. 'ऑलस्पाइस'चं 'सर्व मसाले' करू नये. ते एकाच झाडाचं फळ आहे, तेव्हा ऑलस्पाइसच ठेवावं. 'ग्रेन्स ऑफ पॅरडाइज'ला 'स्वर्गाचे दाणे' म्हणून काहीच कळत नाही. ते पश्चिम आफ्रिकेतलं, आलं-वेलचीच्या कुळातलं बी आहे. 'मेलेगेटा मिरी' लिहून पुढे दोन शब्दांत खुलासा केलेला बरा. बेल्जियमच्या आर्डेन भागातल्या आशूफ ब्रूअरीच्या 'नाइस शूफ' या १० टक्के मद्यार्काच्या हिवाळी एलमध्ये संत्र्याच्या सालीबरोबर थाइम असतं. थाइमचं भाषांतर 'ओवा' करू नये, वनस्पती वेगळी आहे. पण थायमॉल हे द्रव्य दोन्हींत असतं, त्यामुळे चवनोंदीत 'ओव्याची आठवण करून देणारा वास' असं खुशाल लिहावं. वाचणारा तो वास लगेच ओळखेल.

यीस्टच्या चवीचा भाग सगळ्यात नाजूक आहे. मसाल्याचा एक कणही न घालता बेल्जियन एलला लवंगेसारखा वास येऊ शकतो. धान्याच्या टरफलात फेरुलिक आम्ल असतं. ठरावीक जातीचं यीस्ट त्यापासून ४-विनाइल ग्वायाकॉल तयार करतं, आणि त्याचा वास लवंगेच्या वळणाचा असतो. खऱ्या लवंगेतलं द्रव्य वेगळं, ते युजेनॉल. जर्मनीच्या बव्हेरियातल्या गव्हाच्या बिअरमध्येही हाच लवंगेचा भास ठळक असतो आणि त्यात लवंग घातलेली नसते. अशा ठिकाणी 'मसाल्याची' म्हटलं तर ते खोटं ठरेल. 'लवंगेसारखा वास' किंवा 'लवंगेचा भास' म्हणावं.

'लवंगी' मात्र कटाक्षाने टाळावं. व्याकरणाने ते बरोबर आहे, पण मराठीत लवंगी म्हणजे मिरची, नाहीतर फटाक्यांची माळ. म्हणजे फिरून तिखटावरच आलो.

प्रत्यक्षात ओळखायचं कसं? बाटली फ्रिजमधून काढून थोडी थांबू द्यावी, ८ अंशांच्या आसपास असताना ट्यूलिपच्या आकाराच्या पेल्यात अर्ध्यापर्यंत ओतावी, तळाचा गाळ बाटलीतच ठेवावा. आधी नुसता वास घ्यावा. पिकलेल्या केळ्याचा वास आणि लवंगेचा भास एकत्र येत असतील तर ती बहुधा यीस्टची करामत. मग घोट जिभेच्या शेंड्यावर क्षणभर धरावा. खरी लवंग जास्त पडली असेल तर जीभ किंचित बधिर होते, दाढेवर लवंगतेल लावल्यासारखी, आणि वास दवाखान्याकडे झुकतो. वीस लिटरला दोन-तीन लवंगा पुरतात, म्हणून हा दोष लवकर घडतो. दालचिनी जास्त झाली तर तुरटपणा दातांमागे रेंगाळतो. पेला १२ अंशांपर्यंत तापू दिला की खालचे थर वर येतात: मनुका, सुकं अंजीर, काकवी. गडद कँडी साखरेच्या पाकाने येणाऱ्या या चवीला 'कॅरॅमल' लिहून थांबू नये. काकवी हा शब्द इथे इतका चपखल बसतो की तो वापरायचा राहिला तर वाईट वाटेल. भाजलेल्या माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) वासाला 'खमंग' आहेच.

राहिला घशातला 'तिखटपणा'. तो मद्यार्काचा आहे. नाताळच्या बेल्जियन एल अनेकदा ८ ते १२ टक्क्यांच्या असतात. मेखेलेनच्या हेट आंकर ब्रूअरीची 'गौडन कारोलुस ख्रिसमस' १०.५ टक्क्यांची आहे. इतक्या मद्यार्काने घसा तापतो. चांगल्या एलमध्ये त्याला 'ऊब' म्हणावं, आंबवताना तापमान हाताबाहेर गेलेल्या एलमध्ये 'चटका' किंवा 'जळजळ'. ती गुणाची खूण आहे की दोषाची, ते या एका शब्दाने ठरतं, म्हणून तो विचारपूर्वक निवडावा. बिअरमधल्या वायूच्या बुडबुड्यांमुळे जिभेवर होते ती 'चुरचुर'. तीही तिखट नव्हे. एकूण दणकटपणासाठी 'कडक' आहे, कडक चहातला.

ओघात आणखी एक. चवनोंद भारदस्त व्हावी म्हणून हॉप्सच्या (बिअरला कडूपणा देणाऱ्या फुलांच्या) कडूपणाला 'कटु रस' लिहिलेलं दिसतं. आयुर्वेदाच्या सहा रसांत कटु म्हणजे तिखट, कडू तो तिक्त. मराठीतला 'कडू' हा कटुपासूनच आला, पण वाटेत अर्थ बदलून आला. कडू, कडसर, कडवट या तीन पायऱ्या पुरेशा आहेत.

तेव्हा ती नोंद, तिच्यातली एल खरोखर धणे-साल घातलेली आहे असं धरून, अशी व्हावी: "नाताळची मसाल्याची एल. वासाला धणे आणि संत्र्याची साल, त्यामागे यीस्टमुळे येणारा लवंगेचा भास, शेवटी घशात ऊब."

बाटली दोन-तीन वर्षं ठेवलेली असेल तर धणे आणि साल मागे पडलेली असतात आणि सुक्या फळांची चव पुढे येते. त्या बाटलीला 'जुनी' न म्हणता 'मुरलेली' म्हणावं, लोणच्यासारखी. फक्त ओल्या पुठ्ठ्याचा वास येत असेल तर ती मुरलेली नव्हे, शिळी.