विमा क्षेत्र खाजगी कंपन्यांना खुलं झाल्यामुळे ग्राहकाचा खरंच फायदा झाला का? आज पॉलिसी सरकारी घ्यावी की खाजगी?

हप्त्यात झाला. क्लेमच्या बाबतीत जे काही बरं झालं ते नियमांमुळे झालं, स्पर्धेमुळे नाही. माझी सगळी नोकरी ठाण्यात एका सरकारी जनरल विमा कंपनीत, अंडररायटिंगच्या टेबलावर, म्हणजे जोखीम जोखून विमा द्यायचा की नाही आणि किती दराने हे ठरवण्यात गेली. तेव्हा मी तटस्थ आहे असं कोणी समजू नये.

शिवाय हा प्रश्न मला आमचे साडू दरवर्षी गौरी जेवणाच्या पंगतीत विचारतात. विचारतात म्हणजे ऐकवतात. त्यांचा रबाळे एमआयडीसीत प्लास्टिक मोल्डिंगचा कारखाना आहे. "तुमची मक्तेदारी मोडली म्हणून आम्ही धंदेवाले वाचलो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

2006 संपेपर्यंत आगीच्या विम्याचे दर टॅरिफने, म्हणजे सगळ्या कंपन्यांना बंधनकारक अशा दरपत्रकाने, बांधलेले होते. प्लास्टिकचा कारखाना म्हणजे अमुक दर, गोदाम म्हणजे तमुक. सरकारी असो वा 2000 नंतर आलेली खाजगी कंपनी, दर सगळ्यांना तोच. सूट द्यायची सोयच नव्हती, म्हणून गिऱ्हाइकाशी बोलणं व्हायचं ते कव्हरबद्दल. यंत्रं आज नव्याने घ्यायची तर किती लागतील, पुराचं कव्हर ठेवलंय ना, माल कुठे रचता. (सगळे अधिकारी इतकं विचारायचे असं नाही. काही जण नुसता शिक्का मारायचे.)

1 जानेवारी 2007 पासून आग, इंजिनिअरिंग आणि गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे दर मोकळे झाले. पुढच्या काही वर्षांत आगीच्या विम्यात सुटीची अशी काही चढाओढ लागली की वागळे इस्टेटमधले जुने गिऱ्हाईक रिन्यूअलला यायचे आणि पहिलाच प्रश्न, "समोरचा इतक्यात देतोय, तुम्ही कितीत देता?" कव्हर हा विषयच संपला.

साडूही त्याच वाटेने गेले. एका ब्रोकरने त्यांना आमच्या निम्म्याहून कमी हप्ता सांगितला. मी कोटेशन मागून घेतलं. त्यात यंत्रांची विमा रक्कम ताळेबंदातून उचललेली, म्हणजे घसारा वजा जाता उरलेली. मी म्हटलं, अहो, नवी यंत्रं घ्यायला याच्या दुप्पट लागतील, उद्या अॅव्हरेज लागेल, म्हणजे क्लेम त्याच प्रमाणात कापला जाईल. त्यावर उत्तर, "तुमचा बिझनेस गेला म्हणून बोलताय." मी गप्प बसलो.

मग एका रात्री शॉर्ट सर्किट होऊन शेडचा एक कोपरा जळाला. सर्व्हेअर आला आणि त्याने नियमाप्रमाणे अॅव्हरेज लावलं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो: 2 कोटींच्या यंत्रांचा 1 कोटीचाच विमा असेल, तर 40 लाखांच्या नुकसानीचे 20 लाखच मिळतात, कारण उरलेल्या निम्म्याचे विमाकर्ते तुम्ही स्वतः. साडू म्हणाले, खाजगी कंपनीने फसवलं. साफ खोटं. कंपनीने पॉलिसीत लिहिलं होतं तेच केलं, आमच्या कंपनीनेही तेच केलं असतं. विमा लोकपालाकडेही जाता येईना, कारण ते दार वैयक्तिक ग्राहक आणि अगदी छोट्या उद्योगांसाठी असतं, आणि यांची प्रायव्हेट लिमिटेड. तरी पुढच्या गौरीला वाक्य तेच!

आता इतिहास विचारलाच आहे, तर स्पर्धा 2000 साली जन्माला आली असंही नाही. 1956 मध्ये आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा 154 भारतीय कंपन्या, 16 परदेशी आणि 75 प्रॉव्हिडंट सोसायट्या एलआयसीत विलीन झाल्या. स्पर्धा भरपूर होती, पण उद्योगपती विमेदारांचा पैसा स्वतःच्या धंद्यात फिरवत होते. म्हणून आपल्या चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्री असताना 19 जानेवारीला वटहुकूम काढून कारभार ताब्यात घेतला. (त्याच वर्षी मुंबईच्या प्रश्नावर राजीनामाही दिला. असे मंत्री आता शोधून सापडायचे नाहीत.) 1973 मध्ये 107 जनरल विमा (आयुर्विमा सोडून बाकीचा विमा) कंपन्यांच्या चार सरकारी कंपन्या झाल्या.

खुलं झाल्यावर आयुर्विम्यात काय झालं? युलिप, म्हणजे हप्त्यातला बराचसा पैसा शेअर बाजारासारख्या ठिकाणी गुंतवणारी पॉलिसी. तीन वर्षांत पैसे दुप्पट, असं सांगून खपवलेले. 2010 मध्ये युलिपवर देखरेख कोणाची यावरून शेअर बाजाराची नियामक सेबी आणि विमा नियामक आपसात भांडले, सरकारने वटहुकूम काढून वाद मिटवला, त्यानंतर लॉक-इन (पैसे काढता न येण्याची मुदत) तीनचं पाच वर्षं झालं आणि शुल्कांना लगाम बसला. आयुर्विम्याची पॉलिसी तीन वर्षांनंतर कोणत्याही कारणाने नाकारता येत नाही, हे 2015 च्या दुरुस्तीने आलं. आरोग्य विम्यात सलग 60 महिने हप्ते भरल्यावर लबाडी सिद्ध केल्याशिवाय माहिती लपवल्याचं कारण पुढे करता येत नाही, हे 2024 मध्ये. यातलं एकही कुठल्या कंपनीने ग्राहक ओढण्यासाठी आपणहून दिलेलं नाही. आणि गाडीच्या थर्ड पार्टीचे दर आजही सरकारच ठरवतं, हे मोकळ्या बाजाराच्या भक्तांनी लक्षात ठेवावं.

सरकारी मालकी म्हणजे सोवळं असंही नाही, हे मान्य. एलआयसी होऊन दोन वर्षं होत नाहीत तोच मुंदडा प्रकरण (एलआयसीचा पैसा हरिदास मुंदडा या उद्योगपतीच्या कंपन्यांत घातल्याचं) निघालं आणि अर्थमंत्री कृष्णम्माचारींना जावं लागलं. आमच्या काळात मेडिक्लेमचा तोटा आगीच्या नफ्यातून भरून निघायचा, म्हणजे रबाळेचा कारखानदार दुसऱ्याच्या हॉस्पिटलचं बिल भरत होता. एवढ्यापुरतं साडूंचं खरं. दर मोकळे झाल्यावर ते गणित उघडं पडलं आणि चारपैकी तीन सरकारी कंपन्यांत पुढे सरकारला 17,450 कोटी ओतावे लागले.

सरकारी की खाजगी, हे मी सांगणार नाही. आरोग्य विमा घेत असाल तर खोलीभाड्याची मर्यादा आणि को-पे (बिलाचा किती हिस्सा तुम्ही स्वतः भरायचा) आधी बघा, जुने आजार फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहा, एजंटला भरू देऊ नका. कारखान्याचा असेल तर विमा रक्कम आजच्या खरेदी किमतीवर ठेवा. हप्ता जास्त वाटला, तर मला नाही, आमच्या साडूंना विचारा.