घासलेला कंगवा उदासीन (एकूण विद्युत प्रभार शून्य असलेल्या) कागदाला का ओढतो, हे विद्यार्थ्यांना कसे समजवावे?

घर्षणाने प्रभार निर्माण होतो, असे वाक्य वर्गात सर्रास वापरले जाते आणि माझ्या मते पुढच्या अनेक गैरसमजांचे मूळ त्यातच आहे. कोरड्या केसांवर प्लास्टिकचा कंगवा घासला की काही इलेक्ट्रॉन केसांतून कंगव्यावर जातात. कंगवा ऋणप्रभारित होतो आणि केस तेवढेच धनप्रभारित. नवा प्रभार कोठेही तयार होत नाही.

खरा प्रश्न यानंतरचा आहे. कागद उदासीन असूनही ओढला जातो, कारण कंगवा जवळ येताच कागदाच्या रेणूंमधील इलेक्ट्रॉन किंचित मागे सरकतात, धन बाजू कंगव्याकडे राहते, आणि फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ कूलोम यांनी 1785 मध्ये दाखविल्याप्रमाणे विद्युत बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने जवळच्या धन प्रभाराचे आकर्षण दूरच्या ऋण प्रभाराच्या प्रतिकर्षणावर मात करते. म्हणूनच केवळ आकर्षणावरून एखादी वस्तू प्रभारित असल्याचे सिद्ध होत नाही. त्यासाठी प्रतिकर्षणच दाखवावे. एकाच लोकरी कापडाने घासलेले दोन फुगे दोऱ्याने शेजारी टांगले की ते स्पष्टपणे दूर जातात. प्रयोगासाठी कोरडा दिवस निवडावा, कारण दमट हवेत पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर बसतो आणि प्रभार निघून जातो.